माणसाचे मोल आणि कोर्टातला पुरावा

बुधवार पेठेतल्या एका अभ्यासवर्गात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण मित्राने मला प्रश्न केला होता. तो म्हणाला, "सर, अमेरिकेत माणूस कुणाच्या चुकीने मेला तर तिथली ज्यूरी कोटी कोटी रुपयांची भरपाई देते. आपल्या माणसाच्या मरणाचे कोर्ट चार-पाच लाख धरते. आपल्याकडे ज्यूरी असती तर आपल्या लोकांनाही असा न्याय मिळाला नसता का?" त्या दिवशी मी त्याला अर्धवट उत्तर दिले, कारण वेळ थोडा होता आणि प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. राहिलेले उत्तर आता लिहीत आहे.

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात बरीच वर्षे नुकसानभरपाईचे दावे चालवतो आहे, आणि तेही केवळ अर्जदाराच्या बाजूने. विमा कंपनीचे वकीलपत्र मी कधी घेतले नाही. यात काही मोठेपणा नाही. ते मला कुणी दिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

प्रथम अमेरिकेची गोष्ट. आपल्या वाचकाला तिथल्या काळ्या माणसाच्या लढ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. १९८१ च्या मार्च महिन्यात अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात मायकेल डोनाल्ड या एकोणीस वर्षांच्या काळ्या तरुणाला कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी रस्त्यावरून उचलले, ठार मारले आणि झाडाला लटकवले. खुन्यांवर फौजदारी खटले झाले, शिक्षाही झाल्या. पण त्याची आई ब्यूला मे डोनाल्ड तिथे थांबली नाही. मॉरिस डीस या वकिलाने तिच्या वतीने संघटनेवरच दिवाणी दावा लावला. वकिलाचे म्हणणे असे की, हात दोन माणसांचे असतील, पण हा खून संघटनेच्या शिकवणुकीने झालेला आहे. पुरावा म्हणून त्याने त्या संघटनेच्या मुखपत्रातले फासावर लटकलेल्या काळ्या माणसाचे चित्र ज्यूरीपुढे ठेवले. खुन्यांपैकी एकजण त्या कोर्टात रडला, त्याने त्या आईची क्षमा मागितली आणि आपल्याविरुद्ध निकाल द्या, असे ज्यूरीला सांगितले. फेब्रुवारी १९८७ मध्ये ज्यूरीने सत्तर लाख डॉलरचा निकाल दिला. त्या ज्यूरीत एकही काळा माणूस नव्हता.

इथपर्यंत गोष्ट सांगितली की आपल्या सभांत टाळ्या पडतात. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्या संघटनेकडे सत्तर लाख डॉलर नव्हतेच. तिची एक इमारत होती, ती त्या आईच्या नावावर झाली. ती विकून तिच्या हाती आले बावन्न हजार डॉलरच्या आसपास. त्यात तिने घर घेतले आणि दुसऱ्या वर्षी ती वारली. संघटना मोडली, हे फार मोठे काम झाले. परंतु निकाल ही एक गोष्ट आणि वसुली ही दुसरी गोष्ट, हे भरपाईचा दावा लावणाऱ्याने पहिल्या दिवशीच समजून घेतले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या विनाविम्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली माणूस सापडला की मला ती अलाबामाची इमारत आठवते. कागदावर पंधरा लाख, आणि मालकाच्या नावावर एक जुनी ट्रॉली.

आता ज्यूरी. आपल्याकडे ती होती. १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन होते आणि दोन हिंदी. सात विरुद्ध दोन मतांनीच टिळक दोषी ठरले. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी तो कौल मानला नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे १९६० साली शिक्षा झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीचा उरलासुरला अवशेषही पुसला. भरपाईच्या दिवाणी दाव्यात ज्यूरी बसवण्याची वहिवाट तर आपल्याकडे नव्हतीच.

नसल्याचे मला दुःख नाही. ज्यूरी म्हणजे शेवटी पंच. पंच या शब्दाचा आपल्या माणसाचा अनुभव काय आहे, हे या पानांवर पुन्हा सांगायला नको. गावकीचे बारा लोक आमच्या माणसाच्या जिवाची किंमत ठरवायला बसले आहेत, अशी कल्पना करून पाहावी. अमेरिकेतही पिढ्यान्पिढ्या गोऱ्यांच्या ज्यूऱ्यांनी काळ्यांचे खुनी सोडून दिलेले आहेत. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाच्या आरोपींना ज्यूरीने सुमारे तासाभरात निर्दोष ठरवले होते. म्हणून १९८७ चा निकाल हा ज्यूरीपद्धतीचा गुण मानायचा की वकिलाच्या मांडणीचा आणि बदललेल्या काळाचा, याचा विचार केला पाहिजे. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

तिथला वकील नेमके काय करतो? ज्यूरीत कोण बसावे यावरच तो पहिली झुंज देतो. पूर्वग्रह असलेला माणूस प्रश्न विचारून बाहेर काढण्याचा त्याला हक्क असतो. मग तो मेलेल्या माणसाला ज्यूरीपुढे जिवंत करतो: तो सकाळी किती वाजता उठत असे, मुलांना शाळेत कोण सोडत असे, जखमी असेल तर आता त्याला अंघोळ कोण घालते. आणि शेवटी मोठा आकडा तोंडाने स्पष्ट मागतो, लाजत नाही. त्याची फी बहुधा निकालाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते आणि हरला तर शून्य. म्हणजे आकडा मोठा होण्यात त्याचाही जीव गुंतलेला असतो. आपल्याकडे अशी हिस्स्याची फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. नियम चांगला आहे. परंतु दवाखान्याच्या आवारात, शवविच्छेदन व्हायच्या आधी, रडणाऱ्या बाईचा अंगठा वकीलपत्रावर घेणारे दलाल कोणत्या टक्क्याने काम करतात, हे विचारायला कुठलाही नियम तिथे हजर नसतो.

आपल्याकडे समोर एकच न्यायाधीश असतो, आणि मोटार अपघाताच्या दाव्यात त्याचेही हात गणिताने बांधलेले असतात. मेलेल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे. त्यात भविष्यातल्या वाढीची भर घालायची; स्वतःच्या धंद्यातला, मजुरीतला माणूस चाळीसच्या आतला असेल तर ४० टक्के, चाळीस ते पन्नास असेल तर २५ टक्के. हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात ठरवले. मग तो स्वतःवर किती खर्च करीत असे ते वजा करायचे. चार ते सहा माणसे त्याच्यावर अवलंबून असतील तर चौथा हिस्सा. उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. हे अंक २००९ च्या सरला वर्मा निकालातले: एकतीस ते पस्तीस वयाला १६, छत्तीस ते चाळीसला १५, असे उतरत जाणारे. शेवटी पतीपत्नीच्या, आईबापांच्या, मुलांच्या वियोगाबद्दल प्रत्येकी ठराविक रक्कम आणि अंत्यविधीचा खर्च.

तक्ता सर्वांना एकच आहे. जात विचारत नाही. मग आमच्या माणसाची भरपाई कमी का? तर त्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यात, उत्पन्नाच्या रकान्यात, आमची जात येऊन बसलेली आहे. सरकारी नोकर मेला तर पगाराची स्लिप पाच मिनिटांत वाद संपवते. हमाल, बिगारी, बँडवाला, कचरा वेचणारी बाई मेली की स्लिप नसते, आणि कोर्ट एक रक्कम धरून चालते. तिला आम्ही वकील लोक नोशनल उत्पन्न म्हणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मिळकत नसलेल्या माणसासाठी वर्षाला १५ हजार रुपये असा आकडा १९९४ साली आला आणि तो २०१८ पर्यंत कागदावर तसाच बसून राहिला. ज्याला पिढ्यान्पिढ्या कागदापासून दूर ठेवले त्याच्याकडेच कागद मागायचा, आणि नाही म्हणून त्याचे श्रम शून्याजवळ धरायचे, हा यातला अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाला तो दिसलेला आहे. २०११ च्या रामचंद्रप्पा प्रकरणात एका हमालाने महिना साडेचार हजार मिळवतो असे सांगितले होते, खालच्या कोर्टाने तीन हजार धरले होते. अशा माणसाकडून कागदाची अपेक्षा करता येत नाही, असे म्हणून वरच्या कोर्टाने त्याचे साडेचार हजार मान्य केले. पण त्याच निकालात असेही आहे की, आकडा अवास्तव वाटला तर कोर्टाने तो मानण्याचे कारण नाही. तेव्हा आकड्याला आधार देण्याचे काम आपलेच राहते.

माझे वडील इथल्या एका गिरणीत बदली कामगार होते. यंत्रात त्यांची तर्जनी गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या यादीत प्रत्येक बोटाचा भाव आहे: अंगठा ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४. वडिलांना १४ टक्केही मिळाले नाहीत, कारण त्या दिवशी ते कामावर होते हेच कुणी लिहून ठेवलेले नव्हते. बदलीवाल्याची हजेरी पाळी संपताना लागायची आणि ते पाळी संपायच्या आत दवाखान्यात गेले होते. हा माझा कायद्याचा पहिला धडा. कायदा वाईट नव्हता. वही वाईट होती.

आता ज्या दाव्याबद्दल मला विस्ताराने सांगायचे आहे तो. २०१८ च्या मे महिन्यात मोहोळकडून लग्नाची मिरवणूक वाजवून तिघे बँडवाले एका मोटारसायकलवर सोलापूरला येत होते. तिघेही मातंग समाजातले. मागून ट्रकने ठोकरले. क्लॅरिनेट वाजवणारा जागीच गेला. हलगीवाल्याच्या डाव्या हाताची दोन बोटे काढावी लागली. तिसरा खरचटण्यावर बचावला. दोन दावे दाखल झाले, एक विधवेचा आणि तिच्या घरच्यांचा, एक हलगीवाल्याचा.

विमा कंपनीचे पहिले म्हणणे: एका मोटारसायकलवर तिघे बसले, म्हणजे अपघातात त्यांचीही चूक, भरपाई कापा. हे ऐकायला पटते. पण तिघे बसल्यामुळे अपघात झाला का, हा खरा प्रश्न आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मोटारसायकल डाव्या कडेला आणि ट्रकच्या ब्रेकच्या खुणा मागून सरळ आलेल्या, असे स्पष्ट होते. दावा चालू असतानाच, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सांगितले की, तिघे बसणे हा वाहतुकीच्या नियमाचा भंग असेल, पण त्याचा अपघाताशी संबंध दाखवल्याशिवाय तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. नशीब. पण पंचनामा नीट नसता तर या निकालाचा आम्हाला काडीचाही उपयोग झाला नसता. म्हणून मी पोरांना सांगतो, पहिल्या आठवड्यात पंचनाम्याची नक्कल हातात आली पाहिजे. आणि अर्जही वेळेत गेला पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आलेली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण त्या वादाच्या भरवशावर कुणी आपला दावा टांगून ठेवू नये.

दुसरे म्हणणे वयाचे. शवविच्छेदनाच्या अहवालात डॉक्टरांनी "अंदाजे ४०" लिहिले होते. उन्हातान्हात राबलेला माणूस, चौतिसाव्या वर्षी चाळिशीचा दिसतो. या अंदाजाने काय होते पाहा. महिना दहा हजार उत्पन्न धरले आणि वय चौतीस धरले तर गणित २० लाख १६ हजारांवर जाते. वय चाळीस धरले की वाढ ४० वरून २५ टक्के होते, गुणक १६ चा १५ होतो, आणि रक्कम १६ लाख ८७ हजार ५०० वर येते. डॉक्टरांच्या एका शब्दाची किंमत ३ लाख २८ हजार ५०० रुपये. आम्ही त्याच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तो चौथीत शाळा सोडून बापाबरोबर वाजवायला गेला होता. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख होती. मुख्याध्यापकांनी दाखला दिला आणि कोर्टात येऊन रजिस्टरही दाखवले. आधार कार्डावरच्या जन्मतारखेपेक्षा शाळेचा दाखला वयाचा पुरावा म्हणून भक्कम, असे आता ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे.

तिसरे म्हणणे उत्पन्नाचे, आणि खरी लढाई तिथेच होती. कंपनीचे म्हणणे, बँडवाला म्हणजे लग्नसराईचा माणूस. वर्षातून तीन-चार महिने काम, बाकी रिकामा. महिना पाच हजार धरा.

मी बँडच्या मालकाकडे गेलो. तो स्वतः ट्रंपेट वाजवतो. "मालक" म्हटले तरी एका खोलीत राहणारा माणूस. त्याने पत्र्याच्या पेटीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. तारीख, गाव, ठरलेली रक्कम, घेतलेला इसार, आणि खाली कोण कोण वाजवायला होते आणि कुणाला किती दिले. मी ती वही पाहिली आणि खरे सांगतो, मला माझ्या वडिलांची गिरणी आठवली. त्या वर्षभरात क्लॅरिनेटवाल्याच्या नावावर ८४ सुपाऱ्या होत्या, दर सुपारीला सरासरी ९०० रुपये. लग्ने, गणपती, नवरात्र, एप्रिलमधली जयंती, सिद्धेश्वराच्या गड्ड्यातले कार्यक्रम. राहिलेल्या दिवसांत तो मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या उतरवत असे. तिथल्या मुकादमाची साक्ष घेतली. दोन्ही मिळून महिना बारा हजारांच्या आसपास जात होते.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने बँडवाल्याला विचारले, "या वहीत सुपारी, सुपारी असे लिहिले आहे. तुम्ही कसल्या सुपाऱ्या घेता?" कोर्टात हशा पिकला. बँडवाला गोंधळला नाही. म्हणाला, "सायेब, तुमच्या पोराच्या लग्नात बँड लावला असंल की. तवा दिली नसंल का तुमी सुपारी?" न्यायाधीशही हसले. पण हशा आमच्या बाजूचा झाला म्हणून मी खूश झालो नाही. आमच्या धंद्याचा शब्द कोर्टात गुन्हेगाराचा शब्द म्हणून ऐकला जातो, हे पाहून मला वाईट वाटले.

विधवेची साक्ष हा आणखी अवघड भाग. "नवरा लई कमवत व्हता" हे वाक्य कोर्टात कुचकामी असते. मी तिला शिकवले नाही. शिकवलेली साक्ष दहा मिनिटांत उघडी पडते. मी तिला फक्त विचारत गेलो. अक्का, महिन्याचा किराणा कितीचा? खोलीभाडे? थोरलीची शाळा? बचत गटाचा हप्ता? हा हप्ता तिने तीन वर्षांत एकदाही चुकवला नव्हता आणि गटाच्या पासबुकात त्याची नोंद होती. माणूस काय मिळवत होता याचा कागद नसला तरी घर कशावर चालत होते याचा कागद अनेकदा असतो. तो बाईच्या पेटीत असतो आणि वकील तो मागत नाही. उलटतपासणीत तिला ठरलेला प्रश्न आला: "तुमचा नवरा दारू पीत होता?" आमच्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारला जातो, बंगल्यातल्या विधवेला विचारलेला मी ऐकला नाही. ती म्हणाली, "पीत असता तर हप्ता कुणी भरला असता?"

इथे मला महाडची आठवण होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा दावा थोड्यांना. १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या कोर्टात दावा लावला. तो दहा वर्षे चालून मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. तिथे समतेचे तत्त्वज्ञान जिंकले असे आपण म्हणतो. निकाल वाचला तर दिसते की, अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. सिद्ध करण्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे हे बॅरिस्टर आंबेडकरांना नेमके ठाऊक होते. आम्ही त्यांचे भाषण पाठ केले. त्यांची वकिली अभ्यासायची राहून गेली.

हलगीवाल्याच्या दाव्यात मात्र माझी स्वतःचीच फजिती झाली. सरकारी दवाखान्याचा दाखला होता, दोन बोटे, अपंगत्व २० टक्के. कायदा असा की, शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईचे अपंगत्व वेगळे. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे फार चांगले समजावले आहे: डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदा संपतो. हलगीला उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी लागते. ती काडी धरायला बोटेच नाहीत. हे न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसले पाहिजे असे मला वाटले. अमेरिकेतल्या वकिलांबद्दल मी वाचलेले होतेच. मी ठरवले की कोर्टात हलगी आणायची, त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात वाजवायला लावायचे आणि ती काडी खाली पडू द्यायची.

त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, लगीन असूंद्या, जयंती असूंद्या, सुपारी घिऊन वाजवीन. पर हितं कुनीतरी वाजव म्हणलं म्हणून वाजवायचं, त्ये आमच्या बापानं लई केलं. म्या न्हाई करनार."

मी गप्प झालो. गावकीचे वाजवणे सोडून देण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्लेला आहे, हे मला त्याने सांगावे लागले. मोठ्या निकालाच्या नादात मी त्याला पुन्हा त्याच जागी उभा करणार होतो. रक्कम वाढली असती का? कदाचित वाढली असती. पण ती मागण्याची ती रीत नव्हती.

मग दुसरा मार्ग धरला. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावले. डॉक्टरला बोलावणे खर्चाचे आणि कटकटीचे असते म्हणून बहुतेक वकील नुसता दाखला दाखल करतात आणि २० टक्क्यांवर समाधान मानतात. मी त्यांना तीनच प्रश्न विचारले. हा जेवू शकेल का? शकेल. ओझे उचलू शकेल का? एका हाताच्या जोरावर, मर्यादित. दोन बोटांच्या चिमटीत काडी धरून ती जलद हलवू शकेल का? डॉक्टर म्हणाले, "या हाताने ते शक्य नाही." वय एकोणतीस, महिना नऊ हजार, गुणक १७, भविष्यातली वाढ जखमी माणसालाही मिळते हे २०२० सालच्या पप्पू देव यादव निकालाने पक्के झालेले. २० टक्क्यांनी हिशेब ५ लाख १४ हजार ८० होत होता. न्यायाधिकरणाने कमाईचे अपंगत्व ६० टक्के धरले आणि रक्कम १५ लाख ४२ हजार २४० झाली, दवाखान्याचा खर्च वेगळा. १०० टक्के का नाही, यावर माझे आजही भांडण आहे. कांद्याची गाडी उतरवणे चालू राहील, असे निकालात म्हटले आहे. ज्याने पन्नास किलोचे पोते उचललेले नाही त्याला ते एका पंजाने उचलता येते असे वाटणे स्वाभाविक आहे.

मध्ये एक लोकअदालत झाली. कंपनीने विधवेला नऊ लाख देऊ केले. लोकअदालतीत झालेला समझोता अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मी लोकअदालतीच्या विरुद्ध नाही. पुरावा कच्चा असेल तर तिथेच मिटवावे असे मीच अनेकांना सांगितले आहे. पण हिशेब करून न जाणारा माणूस तिथे लुटला जातो. मी तिला आकडे समजावले, आणि आणखी काही वर्षे लागतील, वर अपीलही होईल, हेही लपवले नाही. सासू म्हणत होती, घ्यावे. घरात तीन पोरे. तिचेही चूक नव्हते. त्या बाईने मला एकच गोष्ट विचारली, "ते वही खोटी हाय म्हणत्यात का?" मी म्हटले, हो, तसेच म्हणतात. ती म्हणाली, "मग नगं."

२०२२ मध्ये निकाल झाला. न्यायाधिकरणाने वही मानली, पण पूर्ण नाही. महिना बारा हजारांऐवजी दहा हजार धरले. पाच वारसांच्या वियोगाचे प्रत्येकी ४४ हजार आणि इतर मिळून २२ लाख ६९ हजार, शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज. या दाव्यात महिन्याच्या उत्पन्नात हजार रुपये सिद्ध झाले की भरपाईत २ लाख १ हजार ६०० रुपयांची भर पडत होती. म्हणजे त्या लाल वहीने, कंपनीच्या पाच हजारांच्या तुलनेत, दहा लाखांहून जास्त मिळवून दिले. दावा दाखल करताना आम्ही वीस लाखच मागितले होते. मागितल्यापेक्षा जास्त देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हे २००३ च्या नागप्पा प्रकरणापासून पक्के आहे. तरीही कमी मागण्याची माझी ती चूकच होती. आमच्या तोंडून मोठा आकडा निघत नाही. तो संकोच माझ्या पिढीच्या वकिलांतही आहे.

माझ्या तरुण मित्राला आणखी एक सांगायचे आहे. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या बाबतीत हे उत्पन्नाचे गणित लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रत्येक मृत्यूला दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख असा सरळ आकडाच ठरवून दिला. तिथे लढाई उत्पन्नाची नसते; माणूस गटारातच मेला, घरी नाही, हे नोंदवून घेण्याची असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली खुनाच्या प्रकरणात मिळणारे ८ लाख २५ हजार हे सरकारचे साहाय्य आहे. ते गुन्हेगाराच्या खिशातून येत नाही. ब्यूला मे डोनाल्डने लावला तसा, अत्याचार करणाऱ्यावरच भरपाईचा दिवाणी दावा, आपल्याकडे जवळजवळ कुणी लावत नाही. १८५५ चा जीवघेण्या अपघातांचा कायदा नावाने अपघाताचा आहे, पण दुसऱ्याच्या गैरकृत्याने माणूस मेला तर वारसांना दावा लावू देतो. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न किती का असेना, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. कोर्ट फी भरता येत नसेल तर दिवाणी संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून परवानगी मागता येते. दार आहे. त्यातून जाण्यासाठी कुणीतरी दहा वर्षे खपायला हवे.

विधवेच्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त रक्कम ठेवीत अडकवण्याचा हुकूम झाला. अशिक्षित वारसांचे पैसे कुणी लुबाडू नयेत म्हणून १९९४ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून ही रीत आहे. हेतू चांगला. पण थोरलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे काढायचे म्हणून ती बाई तीन वेळा माझ्याबरोबर अर्ज घेऊन उभी राहिली. बचत गटाचा हप्ता न चुकवणाऱ्या बाईला पैसा सांभाळता येत नाही, असे धरून चालणे मला पटत नाही.

कंपनीने अपील केले. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे आता फेरे मुंबईऐवजी तिकडे. बँडचा मालक मध्यंतरी येऊन गेला. निशाणी ३१ म्हणून जमा असलेली वही त्याला परत हवी आहे. तीन-चार गावांची येणे बाकी तिच्यातच लिहिलेली आहे आणि ती दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. प्रमाणित नक्कल ठेवून मूळ वही परत मिळावी, असा अर्ज मी टाइप करून ठेवला आहे.